देवाने न मागितलेलं लेकरू

माझी पत्नी एस्तेर हिच्या स्मरणसभेत आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तिघांनी तिला हन्नाची उपमा दिली. पवित्र शास्त्रातली ही गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हन्नाला मूल होत नव्हतं. तिने देवाला नवस केला, मुलगा दिलास तर तो तुझाच. मुलगा झाला, अंगावरचं दूध सुटल्यावर तिने त्याला मंदिरात नेऊन पोचवलं. सभेत बोलणारे प्रेमाने बोलत होते. एस्तेरनेही आपलं एकुलतं एक लेकरू विश्वासाने देऊन टाकलं, असं त्यांना म्हणायचं होतं. मागच्या बाकावरची एक बाई मात्र शेजारणीला म्हणाली, "विश्वास कसला, काळीज दगडाचं लागतं त्याला." मी पुढेच बसलो होतो. माझे कान अजून चांगले आहेत.

दोन्ही म्हणणी चुकीची आहेत. एस्तेर हन्ना नव्हती आणि तिचं काळीज दगडाचंही नव्हतं. तिने मूल दिलं नाही. मी दिलं, तिला न विचारता दिलं आणि देवाचं नाव सांगून दिलं. ते कसं घडलं हे मला लिहून ठेवायचं आहे. ज्यांच्या घरात आज असाच एखादा आजार शिरला असेल त्यांनीही वाचावं. आजार माणसाचं काय करतो ते डॉक्टर सांगतील. भीती काय करते ते मी सांगतो.

मोरीतलं पाणी

आणीबाणीच्या आधीचं वर्ष. मी एसटीच्या आगारात मेकॅनिक होतो. शरणपूरला दोन खोल्यांत आम्ही तिघं राहायचो. मी, एस्तेर आणि नुकती रांगायला लागलेली करुणा. एस्तेर बालवाडीत शिकवायची. पावसाळ्यापासून तिला खोकला होता आणि संध्याकाळी अंग कोमट लागायचं. अंगावर पाजणारी बाई वाळतेच, असं शेजारणी म्हणायच्या. मला ते ऐकायला बरं वाटायचं. मी अडुळशाचा काढा करून द्यायचो आणि आपण काही करतो आहोत असं समजायचो.

एका सकाळी ती मोरीत चूळ भरत होती. पाण्याबरोबर लाल काहीतरी वाहत गेलं.

"पान खाल्लंस का?" मी विचारलं.

तिने जन्मात पान खाल्लं नव्हतं. ती मोरीच्या कठड्याला धरून म्हणाली, "अहो, करुणाला उचला. ती इकडे येतेय."

मी करुणाला उचललं आणि दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. बायकोला धरायला आत जायचं, की मुलीला घेऊन बाहेर थांबायचं, हे मला ठरवता येईना. त्यानंतरची अकरा-बारा वर्षं मी तसाच दारात उभा होतो म्हटलं तरी चालेल.

"आजपासून बंद"

डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला. मला त्यात बरगड्या दिसल्या आणि बरगड्यांमागे कापूस पिंजून टाकावा तसं काही दिसलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो एस्तेरला.

"बाळ अंगावर पितं?"

"हो."

"आजपासून बंद. बाळाला दुसऱ्या घरी ठेवायची सोय करा. आजच."

आजाराचं नाव त्यांनी त्यानंतर सांगितलं. मला सांगायची गरज नव्हती. मी लहान असताना माझी आई क्षयानेच गेली. तेव्हा माझा धाकटा भाऊ बाळू तिच्या अंगावर पीत होता. आईमागोमाग तोही गेला. त्याला कोणी तिच्यापासून बाजूला केलं नव्हतं, कारण तो रडायचा आणि आईही रडायची. माझी थोरली बहीण मार्था, म्हणजे आमची अक्का, तिने मला वाढवलं. त्यामुळे डॉक्टरांच्या खोलीत मी एस्तेरचा विचार करत नव्हतो. खोटं कशाला सांगू? मी बाळूचा विचार करत होतो.

अक्का पिंपळगाव बसवंतला असायची. दाजी तिथे कांद्याच्या आडत्याकडे कामाला होते. त्यांना मूलबाळ नव्हतं. निरोप मिळताच ती दुपारच्या गाडीने आली. आली तेव्हा करुणा एस्तेरच्या मांडीवर चढून ब्लाउज ओढत होती आणि एस्तेर दोन्ही हात वर करून बसली होती, कोणीतरी बंदूक रोखल्यासारखी. मुलीला हात लावायचा नाही म्हणून.

"दे ती पोर इकडं," अक्का म्हणाली. "रडायला नंतर लय वेळ हाय."

"अक्का," एस्तेर म्हणाली, "झोपताना तिला कानाची पाळी धरायची सवय आहे. तुमची धरू द्याल?"

"दोन कान दिलेत देवानं. एक तिचा."

अक्का गेली. करुणाचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. तो थांबला तेव्हा एस्तेर म्हणाली, "थांबली? की लांब गेली?"

वॉर्ड

गावाबाहेरच्या क्षयाच्या दवाखान्यात तिला दाखल केलं. लांबलचक व्हरांडा, ओळीने लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेखाली थुंकीचं झाकणाचं भांडं. सकाळी इंजेक्शन. मग मूठभर गोळ्या. मग दूध आणि उकडलेलं अंडं. दुपारी सक्तीची झोप. रोज तेच, महिनोन्महिने.

पहिले काही दिवस खोकल्यापेक्षा दुधानेच तिचा जीव घेतला. छाती भरून दगडासारखी व्हायची. मोठ्या सिस्टर कापडाने घट्ट बांधायच्या, तरी वाहायचं. ती न्हाणीघरात जाऊन पिळून टाकायची. मला हे तिने पुष्कळ वर्षांनी सांगितलं. तेव्हा मी विचारलंही नव्हतं. मी गेलो की खाटेपासून दोन हात लांब उभा राहायचो, आणि तिला खोकला आला की श्वास रोखून धरायचो. ती ते बघायची. मग पुढे पुढे खोकला आला की तीच आधी हाताने मला मागे सरकायची खूण करायची.

शेजारच्या खाटेवर पेठकडची सोनाबाई होती. तिचा नवरा सणावारीच यायचा. ती एस्तेरला हसवायची. "दूध प्या, अंडी खा, पडून राहा. बाई, आपण सरकारच्या गाई झालो बघ. आता फक्त घंटा बांधायची राहिली." अशा वेळी एस्तेर हसायची, हसता हसता खोकायची, आणि दोघी पुन्हा हसायच्या. त्या वॉर्डात मी हसणं ऐकलं ते एवढंच. देवाची दया कुठल्या तोंडाने येईल सांगता येत नाही.

मोठ्या सिस्टरनी मला सांगितलं होतं, "बाळाला आणा की. आत नको, अंगणात लिंबाखाली उभे राहा. उघड्यावर काही होत नाही. तिला लांबून बघू दे."

एकदाच नेलं. अक्काने करुणाला कडेवर घेतलं होतं. एस्तेर व्हरांड्यात आली. करुणाने तिला ओळखलं, दोन्ही हात पुढे केले आणि अंग झोकून दिलं. अक्काला तिला सावरताना घाम फुटला. एस्तेर एक पायरी उतरली. मी ओरडलो, "तिथेच थांब!" सगळ्या वॉर्डाने माझ्याकडे पाहिलं. एस्तेर वळली, आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्यानंतर मी करुणाला पुन्हा नेलं नाही. बसने दमते, ऊन लागतं, दात येताहेत, असं काहीबाही सांगत राहिलो. दर रविवारी दुसऱ्या बायकांची मुलं लिंबाखाली उभी असायची. एस्तेरला ती दिसत होती.

साक्ष

औषध लागू पडलं. ताप गेला, वजन वाढू लागलं. वर्ष उलटत आलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, थुंकी स्वच्छ आहे, अजून काही महिन्यांनी घरी नेता येईल, गोळ्या मात्र चालू ठेवायच्या. एस्तेरच्या चेहऱ्यावर रंग आला होता. "पहिल्या दिवशी मी काही करणार नाही," ती म्हणाली. "करुणाला मांडीवर घेऊन बसणार. स्वयंपाक तुम्ही करा. जळका केलात तरी चालेल."

मी हसलो. बाहेर येऊन सायकल हातात धरली आणि घरापर्यंत चालत गेलो. डॉक्टर स्वच्छ म्हणाले होते, पण माझा विश्वास नव्हता. मला दिसत होता तो आईजवळ निजलेला बाळू. ती घरी येईल, मुलीला छातीशी घेईल, आणि तिला थांबवायला माझ्याकडे एकही कारण नसेल, याची मला भीती वाटली.

आमच्या मंडळीत रविवारी संध्याकाळच्या सभेत साक्ष द्यायची पद्धत आहे. देवाने ज्याच्यावर उपकार केला तो उभा राहून सांगतो. साक्षीला कोणी प्रश्न विचारत नाही. ती देवासमोर दिलेली असते, म्हणून खरीच धरतात. त्या रविवारी मी उभा राहिलो. एस्तेर बरी होते आहे म्हणून आभार मानायचे, एवढंच ठरवलं होतं. आभार मानले. सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळलेले होते. आणि मी म्हणालो, "एस्तेरने आणि मी प्रभूला नवस केला होता. तिचा जीव वाचव, आम्ही लेकरू तुझं म्हणून अक्काच्या पदरात घालतो, ते परत मागणार नाही. प्रभूने ऐकलं. आता आम्ही शब्द पाळणार."

असा नवस कोणीही केला नव्हता. मीही नाही. सगळे "आमेन" म्हणाले. म्हातारे पाळकसाहेब डोळे पुसत होते. मी खाली बसलो आणि मला हायसं वाटलं, ते मी लपवणार नाही. आता करुणा सुरक्षित होती. तिच्या आणि तिच्या आईच्या मध्ये मी देवाला उभं केलं होतं.

"मला विचारायचं तरी"

एस्तेरला ही बातमी माझ्याकडून कळली नाही. पाळकीणबाई फळं घेऊन तिला भेटायला गेल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "धन्य आहेस तू एस्तेर, आमची हन्ना आहेस."

मी पुढच्या खेपेला गेलो तेव्हा ती खाटेवर ताठ बसली होती.

"तुम्ही खरंच देवाला असं बोललात?"

त्या क्षणी मी नाही म्हणू शकलो असतो. सोनाबाईसुद्धा ऐकत होती. मी म्हणालो, "हो."

"कधी?"

"तू फार आजारी होतीस तेव्हा."

"मला विचारायचं तरी."

"शुद्ध कुठे होती तुला."

हेही खोटं. तिची शुद्ध एक दिवसही हरपली नव्हती. ती बराच वेळ थुंकीच्या भांड्याचं झाकण उघडमीट करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी जिवंत आहे ती करुणाच्या बदल्यात."

मंडळीत कोणालाही तिने कधी सांगितलं नाही की हा नवस तिचा नव्हता. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही म्हणून की देवाला दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणून, मला माहीत नाही. बहुधा दुसरं.

परत

ती घरी आली. तिने एकदा, एकदाच, माझ्याजवळ हट्ट केला. "थोडे दिवस आणा. मग परत देऊ. देव एवढं समजून घेईल." अक्का करुणाला घेऊन आली, आणि तिला ठेवून निघून गेली.

करुणा तोवर चांगली बोलायला लागली होती. अक्काला ती आई म्हणायची. नात्याप्रमाणे मी मामा झालो होतो आणि एस्तेर मामी. ती दाराशी बसून राहिली. एस्तेरने घास पुढे केला की तोंड फिरवायची. "आई कुठंय? मामी, आई कुठंय?" असं आपल्याच आईला विचारायची. एस्तेर सांगायची, "येणार आहे हं." तिसऱ्या-चौथ्या दिवशी करुणाला ताप भरला. अंग भाजत होतं. मी घाबरून तिचं डोकं हुंगत होतो, छातीला कान लावत होतो. तिला खोकलाही होता.

एस्तेर खोलीच्या कोपऱ्यात उभी होती. "दिलेलं परत घेतलं मी," ती म्हणाली. "म्हणून."

खरं सांगायची ही दुसरी संधी होती. मला वाटलं, सांगितलं तर ती मुलीला सोडणार नाही. मी गप्प बसलो.

सकाळी एस्तेरनेच तिला दुपट्यात गुंडाळलं आणि पिंपळगावच्या गाडीत बसली. मला येऊ दिलं नाही. करुणाला गोवर आला होता. तो आपोआप बरा झाला. पण एस्तेरला वाटलं, आपण परत नेऊन दिली म्हणून वाचली. ती पुन्हा कधीही मुलीला आण म्हणाली नाही. मंडळीत मात्र बातमी पसरली की एस्तेरने पोटची पोर तापाने फणफणलेली असताना नेऊन टाकली. मी त्याच बाकांवर बसत होतो. मी एकालाही अडवलं नाही.

नाताळात आणि मे महिन्यात अक्का करुणाला भेटीला आणायची. एस्तेर करंज्या करायची, तिची वेणी घालायची, आणि संध्याकाळी बसस्टँडपर्यंत पोचवायला जायची. तिचे हात वेणी घालताना घाईत असायचे. फार वेळ धरलं तर कोणी वर हिशेब ठेवतंय, असं तिला वाटत असावं.

दुसऱ्यांदा

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिला पुन्हा रक्त पडलं. आता दवाखान्यात राहायची गरज नव्हती. नव्या औषधांचा थोड्या महिन्यांचा कोर्स होता आणि घरीच घ्यायचा होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, एका कॅप्सूलने लघवी लाल होते, घाबरायचं नाही. दोन-तीन आठवडे मुलांना लांब ठेवा, मग काही धोका नाही, फक्त एकही दिवस चुकवायचा नाही.

एस्तेरने दोन दिवस औषध घेतलं आणि बंद केलं. मला वाटलं, लाल रंगाला घाबरली.

"त्याला कोण घाबरतंय," ती म्हणाली. "मागच्या वेळी मी वाचले आणि करुणा गेली. या वेळी मी वाचले तर काय द्यायचं? आता तिचा जीव तेवढा राहिलाय. मला नकोय बरं व्हायला."

एका वाक्याचं काम होतं. मी दिवसामागून दिवस गोळ्या पुढे करत होतो, ती बाजूला ठेवत होती. खोकल्याने तिचं अंग खिळखिळं होत होतं. मी तिचा खोकला ऐकत बसायचो आणि तरी बोलायचो नाही. आता मला भीती करुणाची नव्हती. ते ऐकून एस्तेर माझ्याकडे कशी बघेल, याची होती.

नाताळ जवळ आला. यंदा येऊ नका असा निरोप मी धाडला होता, तरी अक्का आली आणि बरोबर करुणा. बारा वर्षांची, दोन वेण्या, अक्कासारखीच कमरेवर हात ठेवून उभी राहायची. एस्तेर अंगणात उन्हात खुर्चीवर बसली होती. तिने पदर तोंडावर घेतला आणि करुणाला हाताने फाटकापाशीच थांबवलं.

अक्काने गोळ्यांची पाकिटं तशीच पडलेली पाहिली. "का गं? घेत नाय? मरायचंय व्हय तुला?"

एस्तेरने तिला सांगितलं. शांतपणे, बाजारात काय भाव चाललाय ते सांगावं तसं. देवाने मागच्या वेळी काय घेतलं, या वेळी काय घेईल. करुणा फाटकापाशी सगळं ऐकत होती.

मी म्हणालो, "नवस नव्हता."

कोणालाच कळलं नाही मी काय म्हणतोय.

"मी देवाला काहीच बोललो नव्हतो, एस्तेर. साक्ष देताना तोंडाला आलं ते बोललो. तू बरी होऊन तिला जवळ घेशील आणि तिला होईल, अशी भीती वाटली. बाळूसारखं होईल असं."

अक्का मटकन पायरीवर बसली. एस्तेरने तोंडावरचा पदर काढला नाही. फक्त डोळे दिसत होते.

"मग मी बरी कशाने झाले?"

"औषधाने. त्याच्या कृपेने."

"त्याने काही मागितलं नव्हतं?"

"नाही."

"फुकट दिलं होतं." ती थांबली. खोकला आला, तो जाऊ दिला. "त्याने फुकट दिलं, आणि किंमत तुम्ही लावलीत. माझ्या पोरीची."

आमच्या मंडळीत कृपेवर पुष्कळ प्रवचनं होतात. मला कृपेचा अर्थ त्या दिवशी, त्या खुर्चीतून कळला.

अक्का माझ्यावर तुटून पडली. "अन् मला चोर केलंस, शांतवन! मला वाटलं देवानं ओटीत घातली. ही बसस्टँडवर उभी राहायची, मी खिडकीतून मान फिरवून बसायची. म्हटलं, बघितलं तर परत मागंल. तुला आईच्या माघारी मी भाकऱ्या थापून घातल्या, त्या यासाठी?"

करुणाला आपण कोणाच्या पोटच्या हे माहीत होतं. ते कधी लपवलं नव्हतं. ती फाटकाची कडी हलवत होती.

"मामी, म्हणजे तू मला नको म्हणाली नव्हतीस?"

"नाही गं."

"मग परत का आणून सोडलंस?"

"तुला ताप आला होता. मला वाटलं देव रागावला. तू जगावीस म्हणून सोडलं."

करुणाने विचार केला. "तो गोवर होता," ती म्हणाली. "आई सांगते ना."

एस्तेर हसली. वॉर्डात सोनाबाईबरोबर हसायची तशी, खोकत खोकत. मग म्हणाली, "पाणी द्या कुणीतरी."

करुणा आत गेली आणि पेला घेऊन आली. "तिथेच ठेव," एस्तेर म्हणाली. करुणाने पेला पायरीवर ठेवला आणि स्वतःहून मागे सरकली. एस्तेरने उठून तो घेतला आणि आमच्या सगळ्यांसमोर गोळ्या गिळल्या. त्या कोर्सचा तिने पुढे एकही दिवस चुकवला नाही.

जाताना

ऊन उतरायला लागलं तेव्हा अक्का म्हणाली, "पोर इथंच राहू दे. बरी झालीस की तुझ्याजवळ. तुझीच हाय." हे बोलताना ती पिशवीचा बंद सोडत-बांधत होती. दाजी वारले होते. करुणाशिवाय तिचं घर म्हणजे चार भिंती.

मी म्हणालो, "करुणाला विचारू."

"तिला विचारू नका," एस्तेर म्हणाली. "एवढ्याशा पोरीच्या डोक्यावर हे कशाला टाकायचं?" ती करुणाकडे बघत होती. करुणा एकदा तिच्याकडे, एकदा अक्काकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा भीतीने लहान झाला होता. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. तो माझाच होता.

"करुणा, तू आईबरोबर जा," एस्तेर म्हणाली. "मी बरी झाले की ये. वाटेल तेव्हा यायचं, वाटेल तेव्हा जायचं. कोणी कोणाला बांधून ठेवलेलं नाही. देवानेही नाही."

इतकी वर्षं लोक म्हणत होते की एस्तेरने मूल दिलं. ते तिने दिलं त्या संध्याकाळी, आणि त्याबद्दल साक्ष दिली नाही. मोबदल्यात काही मागितलं नाही. मुलगी आपल्या हातातून निघून कुठे तरी सुखाने राहते आहे, हे तिने बघितलं आणि हात उघडला. मी भीतीने जे तिच्याकडून ओरबाडून घेतलं होतं, तेच तिने पुन्हा मोकळ्या मनाने दिलं. या दोन देण्यांतला फरक मला कोणत्याही प्रवचनापेक्षा जास्त शिकवून गेला.

फाटकातून करुणा म्हणाली, "मामी, येते."

त्या दोघी गल्लीच्या टोकाला गेल्यावर मी म्हणालो, "तिने तुला आई म्हटलं नाही."

"तिची आई तिच्याबरोबर गेली की," एस्तेर म्हणाली. "तुम्ही त्या शब्दासाठी रडू नका. मला मुलगी पाहिजे होती. ती आहे."

त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी ते ओढवून घेतलेलं होतं. एका सकाळी तिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "सभेत उभं राहून सांगाल?" मी हो म्हणालो. पुढच्या रविवारी मी उभा राहिलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. ती बरी झाली, पुष्कळ वर्षं जगली, करुणा येत-जात राहिली, तिची मुलं एस्तेरच्या मांडीवर खेळली. मी भीत राहिलो.

ज्यांच्या घरात आजार आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. डॉक्टरांना विचारा, पुन्हा पुन्हा विचारा, आणि ते सांगतील तेवढंच अंतर ठेवा. आपल्या मनाने वाढवू नका. आजारी माणसाच्या आणि त्याच्या लेकराच्या मध्ये देवाला उभं करू नका. तो तिथे उभा राहत नाही, तिथे आपणच असतो.

हे सगळं लिहून झाल्यावर मी करुणाला वाचायला दिलं. तिने आता पन्नाशी ओलांडली आहे, केस पिकले आहेत. चष्मा लावून तिने शेवटपर्यंत वाचलं आणि कागद घडी घालून परत दिले.

मी म्हणालो, "येत्या रविवारी सभेत हे सांगायचं म्हणतो. पण गुडघे धरतात. फार वेळ उभं राहवत नाही. आणि खरं सांगू का, भीतीही वाटते."

"बसून सांगा, मामा," ती म्हणाली. "पण सांगा."